एकोणिसाव्या पातळीवरचा मुक्काम

९ जानेवारी

ती. मावशी,

नमस्कार. फोन करायचा नाही, पत्र लिहायचं, हा तुझा हुकूम पाळतेय. "फोनवर ती हं हं करते आणि दुसऱ्या हाताने टकटक चालूच असते, मला सगळं ऐकू येतं," असं तू आईजवळ म्हणालीस, ते आईने तिखटमीठ लावून माझ्यापर्यंत पोचवलं. खरं आहे ते. म्हणून आज दोन्ही हात कागदावर. अक्षर लागलं नाही तर आईला बोलव, तिला सवय आहे.

बातमी अशी की मला बढती मिळाली. आमच्या खेळातल्या प्रगतीचा तक्ता आता माझ्या ताब्यात आहे. तुझ्या खुब्याच्या ऑपरेशननंतर मी जुना कॉम्प्युटर देताना त्यात हा खेळ घालून दिला होता, आठवतं? दोन दिवसांत तू "मला नाही बाई जमत" म्हणून हात टेकलेस. म्हणून पहिल्यापासून सांगते. जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी एका खोट्या मुलुखात हिंडत असतात. प्रत्येकाची एक पातळी असते, पहिली ते साठावी. प्राणी मारले की पातळी चढते आणि पुढचा मुलूख उघडतो. गट करून गेलं तर एकाने मारलेला प्राणी सगळ्यांच्या खात्यात पडतो. किती मारले की एक पातळी, हे ठरवणारा आकड्यांचा तक्ता म्हणजे माझं काम. आकडा लहान ठेवला तर लोक आठवड्यात शेवटाला पोचून जांभया देतात. मोठा ठेवला तर तेच ते करत बसावं लागतं. त्याला खेळाडू ग्राइंड म्हणतात, म्हणजे माणूस जात्यात घालून भरडणं. नेमका मध्य आमच्यात अजून कुणाला सापडलेला नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे दलदल. दहावी ते विसावी पातळी. मांडीभर काळं पाणी, धुकं, आणि चिखलखेकडे. एकेका पातळीला सहाशे खेकडे! शिवाय तिथे मेलं की कमाईतला दहावा हिस्सा जातो, पातळी घसरूही शकते. आमच्या मुख्यांना त्या सहाशेचे नऊशे करून हवेत. का, तर लोक वैतागले की "झेप" विकत घेतात. झेप म्हणजे पैसे भरून पातळी ओलांडायची सोय. मी तोंडावर सांगितलं, आधी माणसाच्या पायात चिखल ओतायचा आणि मग त्यालाच बूट विकायचे, हे माझ्याच्याने होणार नाही. मी उलटा प्रस्ताव दिलाय. सहाशेचे दोनशे, आणि मरणाची शिक्षा रद्द.

नोंदींमध्ये मला एक माणूस सापडलाय. खेळाडू आम्हाला नावाने दिसत नाहीत, नुसत्या क्रमांकाने दिसतात. हा सोळा महिने एकोणिसाव्या पातळीवर अडकलाय. रोज दुपारी दोनला येतो, साडेपाचपर्यंत खेकडे मारतो, विसावीला दहा-वीस उरले की मरतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. आमच्या खोलीत त्याचं नाव "ढिम्म" पडलंय आणि सगळे हसतात. मला हसू येत नाही. मला तू दिसतेस. एकतीस वर्षं त्या बाटल्यांच्या कारखान्यात, दिव्यासमोर, तोच हात, तीच बाटली. तुला कुणी सोडवलं नाही. या ढिम्माला मी सोडवणार. हे तुझ्यासाठी करतेय असंच समज.

तुझी,
ठकू


१७ जानेवारी

ठकू,

आशीर्वाद. निम्मे आत्ता घे, निम्मे डोकं ठिकाणावर आलं की.

बढतीचं अभिनंदन. ताईने शेजारीपाजारी सांगून झालंय, आता बहुतेक रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना धरून सांगतेय. तुझ्या मुख्याला तोंडावर बोललीस ते बरं केलंस. हा गुण आमच्या घराण्यातला, तुझ्या बापाकडचा नव्हे.

पण "तुला कुणी सोडवलं नाही" हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं डोकं फिरलं. मी अडकले होते हे तुला कोणी सांगितलं? तू कारखान्यात एकदाच आलीस, सहा वर्षांची असताना, आणि पूर्ण वेळ माझ्या डब्याकडे बघत होतीस.

नीट ऐक. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे पांढऱ्या काचेआड दिवा. केसाएवढी चीर, बुडबुडा, वाकडी मान, काय असेल ते बघून बाटली बाजूला काढायची. आम्ही चौघी होतो. दर अर्ध्या तासाला जागा बदलायचो, कारण त्यानंतर डोळा मरतो. बाटली दिसते, चीर दिसत नाही. एका वर्षी नवा मॅनेजर आला आणि त्याने पट्टा दीडपट पळवला. आम्ही आरडाओरडा केला नाही. खात्री नसेल ती बाटली बाजूला काढायची, असा कारखान्याचाच नियम होता. आम्ही नियम पाळला. चार वाजेपर्यंत बाजूला काढलेल्या बाटल्यांनी खोली अशी भरली की मॅनेजरला आत यायला दार उघडेना. तो बाहेरून ओरडत होता आणि आम्ही आतून "खात्री नाही साहेब" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी पट्टा मुकाट पहिल्यासारखा चालायला लागला. याला तू अडकणं म्हणतेस?

आता तुझा ढिम्म. मला त्यातलं काही कळत नाही, पण चार गोष्टी विचारते. हा माणूस मरतो तेव्हा एकटा असतो का? दोन ते साडेपाच त्याच्याबरोबर कोण असतं? मेल्यावर चिडून निघून जातो, की जरा टेकतो? सोळा महिने ठरल्या वेळी येणारा माणूस अडकलेला असतो, की कामावर असतो? बघ तुझ्या तक्त्यात. आणि कुणाला सोडवण्याआधी त्याला विचारायची पद्धत आहे.

खुबा बरा आहे. घरात काठी लागते. ताईला सांग तिने पाठवलेली उशी भिकार आहे.

मावशी


२५ जानेवारी

ती. मावशी,

निम्मे आशीर्वाद पोचले.

तू रागावलीस हे कळलं, का ते अजून नीट कळलेलं नाही. तुझी कीव करायचा माझा विचार नव्हता. बाटल्यांचा किस्सा मी आमच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवला, तर आमचा चित्रकार खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागला.

तुझे प्रश्न चांगले आहेत, पण त्यांची उत्तरं माझ्या तक्त्यात नाहीत. माझ्याकडे पातळी, तास, मारलेले प्राणी आणि मरणं एवढेच रकाने. कोण कोणाबरोबर हिंडतं याच्या नोंदी दुसऱ्या विभागात, आणि त्या मागायच्या तर तीन सह्या. खरं सांगू का, मला त्याची गरजही वाटत नाही. सोळा महिने एका पातळीवर! आणखी कसला पुरावा हवा? आणि विचारायचं म्हणशील तर क्रमांकाला पत्र कसं लिहायचं?

मंगळवारी मुख्यांशी माझी जुंपली. त्यांनी काय करावं, माझाच ढिम्म माझ्यावर उलटवला. म्हणाले, "बघा, सोळा महिने रोज येतोय. भरडलं की माणूस चिकटून राहतो. सोपं केलं की पळतो." मी म्हणाले, कैदीसुद्धा चिकटूनच राहतो. मग त्यांनी डाव टाकला. माझा तक्ता एका सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या एकाच प्रतीवर, पाचेक हजार माणसांवर, दोन आठवडे चालवून बघायचा. लोक टिकले तर माझे दोनशे सगळीकडे. गळाले तर त्यांचे नऊशे, आणि त्या कागदावर सही माझी. मी लगेच हो म्हणाले. वाकायला मी काय वेत आहे?

सर्व्हर निवडायचा अधिकार माझा होता. अर्थातच ढिम्माचा निवडला. एक फेब्रुवारीपासून सुरू. विसाव्या पातळीवर पाऊल पडतं तेव्हा तुतारी वाजते आणि अंगावर सोनेरी उजेड पडतो. सोळा महिन्यांनी त्याला ती तुतारी ऐकू येईल या कल्पनेनेच मला भरून येतंय.

आईने उशीचा निरोप मनाला लावून घेतलाय.

ठकू


८ फेब्रुवारी

ठकू,

तुतारी ऐकली.

तुझा ढिम्म मी आहे. आता खाली बस आणि उरलेलं वाच.

मला खेळ जमत नाही असं मी म्हणाले, कारण ताई हसली होती. "या वयात खेकडे मारतेस?" तिच्याशी वाद घालण्यापेक्षा खोटं बोलणं सोपं. ऑपरेशननंतर घरात मी सात पावलं चालायचे आणि धापा टाकायचे. दलदलीत मी धावते. त्या काळ्या पाण्याखाली दगडांची एक पायवाट आहे, वरून दिसत नाही. ती शोधायला मला तीन आठवडे आणि साठ मरणं लागली. त्या तीन आठवड्यांत मी बघितलं की नवी माणसं येतात, वाट चुकतात, बुडतात, चार वेळा मरतात आणि पुन्हा कधी येत नाहीत. म्हणून मी काठावर उभी राहायला लागले. नवा आला की त्याला गटात घ्यायचं, दगडादगडाने पलीकडे न्यायचं. पुढे आणखी तिघे जमले. एक बेकरीवाला, त्याचं काम दुपारी संपतं. एक दातांची डॉक्टरीण. एक ट्रकवाला, तो गाडी उभी करून जेवायच्या सुट्टीत येतो. सोळा महिन्यांत आम्ही हजारावर माणसं पलीकडे नेली.

तुमच्या खेळात एक अट आहे. गटातल्या सगळ्यात वरच्यात आणि सगळ्यात खालच्यात दहा पातळ्यांचा फरक पडता कामा नये. नवा येतो दहावीवर. म्हणजे मी एकोणिसाव्या पातळीवर असेपर्यंतच त्याचा हात धरू शकते. विसावीला पोचले की संपलं. पण त्यांना नेताना खेकडे मरतातच, ते माझ्या खात्यात पडतात, आणि मी वर सरकत राहते. म्हणून रोज निघताना मोठ्या खेकडीच्या बिळात जायचं आणि मरायचं. कमाई जाते, मी परत खाली. मी रोज मरत होते ती माझ्या मर्जीने, ठकू. माझं तंत्र होतं ते.

एक तारखेला दुपारी आमच्याकडे एक नवी आली होती. तिने स्वतःचं नाव ओलीकाडी ठेवलं होतं. एकटीने नऊदा मेलेली, अगदी रडकुंडीला आलेली. निम्म्या पाण्यापर्यंत मी तिला आणलं, दोन खेकडे मारले आणि तुझी तुतारी वाजली. सोनेरी उजेड, अभिनंदन, सगळं झालं. मी गटातून आपोआप बाहेर. ती विचारत होती, "माझं काय चुकलं?" मी उत्तर लिहीपर्यंत तिला खेकड्यांनी घेरलं. त्या दिवसापासून ती आलेली नाही. मी बिळात जाऊन अकरा वेळा मेले. काही होत नाही, तू मरण फुकट करून ठेवलंयस. आमच्यातले बाकीचेही दोन दिवसांत वर ढकलले गेले.

कारखान्यातही मला एकदा अशीच बढती दिली होती. काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि बाकीच्या तिघींवर लक्ष ठेवायचं. काम हलकं, खुर्ची मऊ, आणि दिवस जाता जात नसे. तीन महिन्यांनी मी केबिनची किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि दिव्यासमोर जाऊन उभी राहिले. त्याने तरी मला आधी विचारलं होतं.

तू मला सोडवलंस. आता काय करू, सांग.

मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं, कारण खोलीत सगळ्यांसमोर रडायचं नव्हतं. मग नोंदी मागवल्या, तीन सह्या घेऊन. तुझ्याबरोबर एक हजार एकशे बारा माणसं दलदलीतून गेली. त्यातली नऊशेच्या वर आजही खेळतायत. एकटी गेलेल्यांपैकी निम्मीसुद्धा उरत नाहीत. हा रकाना माझ्या शेजारच्या खोलीत पडला होता आणि मी तो उघडला नाही. तू सांगूनही.

पण तूही काही कमी नाहीस! सोळा महिने मला पत्ता लागू दिला नाहीस. जानेवारीत मी ढिम्माबद्दल लिहीत होते तेव्हा "मला त्यातलं काही कळत नाही" लिहिताना लाज नाही वाटली? एक ओळ लिहिली असतीस तर मी थांबले असते. निदान मला तसं वाटतं. हे भांडण मी राखून ठेवतेय, सोडलेलं नाही.

आता वाईट ते लिहिते. ती दहा पातळ्यांची अट कोणी घातली, माहीत आहे? मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी. वरचे लोक खालच्यांना ओढून नेतात आणि खालच्यांना फुकटची प्रगती मिळते, असं माझं म्हणणं होतं. माझी पहिलीच सूचना, आणि ती मान्य झाली म्हणून मी घरी आईसक्रीम नेलं होतं. तू रोज ज्याच्यामुळे मरत होतीस ती ओळ माझ्या हातची आहे.

प्रयोगाचा निकाल लागलाय. दलदल आता लोक दीड दिवसात ओलांडतात आणि महिन्याऐवजी आठवड्यात खेळ सोडतात. कोणाची कोणाशी ओळखच होत नाही. मुख्य खूश आहेत. नऊशेचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवला, पेनासकट. अठ्ठावीस तारखेपर्यंत सही करायची. शब्द मी दिला होता.

आणि यात एक गोम आहे. नऊशेच्या तक्त्यात मरणाची शिक्षा परत येते. म्हणजे तू चारसहा वेळा मरून एकोणिसावर उतरू शकशील आणि तुझी दलदल तुला परत मिळेल. नव्यांना पूर्वीच्या दीडपट भरडलं जाईल, झेपेचं दुकान जोरात चालेल, पण तू काठावर असशील. सही केली तर तू परत धावशील. नाही केली तर मी काय मिळवून देणार तुला?

सांग मावशी, करू का सही?

ठकू


२० फेब्रुवारी

ठकू,

माझं नाव पुढे करून सही केलीस तर या घरी तोंड दाखवू नकोस. ताईलाही सांगेन की मला भाची नाही.

माझी दलदल परत मिळावी म्हणून हजारो माणसांना नऊशे खेकड्यांच्या जात्यात घालायचं? मी पट्टा पळवणाऱ्याच्या बाजूने कधी उभी राहिले नाही, आता खुबा बदलल्यावर राहीन होय? जागा गेली तर गेली. मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, रोज दोन वाजले की हात शिवशिवतात. पण वाईट वाटलं म्हणून माणूस खाली मान घालत नाही.

अट तू घातलीस हे वाचून आधी मी टेबलावर हात आपटला, मग हसले. पंचवीस वर्षांची पोर, तुला वाटलं हात धरणं म्हणजे लबाडी. शाळेत तुम्हाला तेच शिकवतात.

तुम्ही दोघंही एकच चूक करताय. तो म्हणतो नऊशे, तू म्हणतेस दोनशे, आणि दोघं आकड्याची दोरी दोन टोकांनी ओढताय. केबिनमध्ये काम हलकं होतं आणि मी कंटाळून मरत होते. दिव्यासमोर काम जड होतं आणि भोंगा कधी झाला कळायचं नाही, कारण शेजारी एक उंच बाई होती, तिची बडबड होती, तिसरीची सासू होती, चौथीचे लग्नाचे घोळ होते. तीच बाटली, तोच हात. शेजारी कोण आहे यावर सगळं ठरायचं. ते तुझ्या तक्त्यात घाल बघू.

आता इकडची खबर. आम्ही गप्प बसलेलो नाही. गटात घेता येत नाही ना, ठीक आहे. उभं राहायला तर कोणी बंदी केलेली नाही. बेकरीवाल्याने आम्ही पूर्वी पलीकडे नेलेल्यांना निरोप धाडले. कोणी तिसाव्या पातळीवर, कोणी पन्नासाव्या, डोंगर नि वाळवंटं सोडून माणसं खाली आली. रोज दोन ते साडेपाच आम्ही पाण्याखालच्या एकेका दगडावर एकेक जण उभे राहतो. या काठापासून त्या काठापर्यंत. खेकडे मारत नाही, काही करत नाही, नुसते उभे. नवा येतो, रांग बघतो आणि माणसामाणसाच्या आधाराने पलीकडे जातो. काल त्रेचाळीस जण होतो. दातांच्या डॉक्टरणीने एका रुग्णाला अर्धा तास थांबवून ठेवलं होतं, हे काही बरोबर नाही, मी तिला बोलले.

तुझ्या मुख्याला म्हणावं, आता त्रेचाळीस ढिम्म झालेत. मोज.

मावशी


१२ मार्च

ती. मावशी,

उशीर झाला. लिहिण्यासारखं एकेक घडून जाऊ दिलं.

सत्तावीस तारखेला मुख्यांनी बोलावलं. नऊशेचा कागद होता आणि शेजारी नोंदींचा कागद. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय? सेहेचाळीस खेळाडू, साडेतीन तास, प्रगती शून्य. काही बिघडलंय का?"

मी म्हणाले, "नाही. ती माणसं उभी आहेत."

"कशासाठी?"

"दुसऱ्यांना वाट दिसावी म्हणून."

"त्यातून त्यांना काय मिळतं?"

"काहीच नाही."

मावशी, त्यांनी मला टाळलं नाही की चेष्टाही केली नाही. त्यांना खरंच कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काहीच मिळत नसेल तर ते नोंदवायचं कुठे?" त्या क्षणी मला त्यांच्यात जानेवारीतली मी दिसले. मी सांगितलं की सही करणार नाही. शब्द दिला होता हे मान्य, तो मोडतेय हेही मान्य, त्याची काय शिक्षा असेल ती द्या. त्यांनी शांतपणे स्वतःची सही केली. दोन मार्चपासून सगळ्या सर्व्हरवर नऊशे. माझ्याकडून तक्ता सोमवारी काढून घेणार आणि मला दुकानाच्या जाहिरातींना बसवणार, असं ठरलं.

तो शुक्रवार होता. सोमवारपर्यंत तक्ता माझाच होता. आकड्यांना हात लावायचा तर मुख्यांची सही लागते. पण दहा पातळ्यांची ती अट पहिल्या वर्षापासून माझ्या नावावर आहे, आणि ज्याची ओळ त्याने ती सुधारायला कोणाला विचारावं लागत नाही, असा कंपनीचाच नियम. मी नियम पाळला. अट पुसली. आता कुठल्याही पातळीचा माणूस कुठल्याही पातळीच्या माणसाचा हात धरू शकतो. पुसताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू. भाडं, नोकरी, आई, सगळं डोळ्यापुढे आलं. मग रांगेत उभा असलेला ट्रकवाला डोळ्यापुढे आला, पोळी खात एका हाताने खेळणारा, मी त्याला कधी बघितलेलं नसताना.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. शनिवार-रविवारात अकरा हजार गट झाले, जे आधी होऊच शकले नसते. पन्नासाव्या पातळीवरची माणसं दलदलीत उतरली. नऊशे खेकडे एकट्या नव्याला पंधरा दिवस पुरतात, वरच्या पातळीची माणसं बरोबर असली तर सहा जणांना एक दुपार. दोन तारखेला नऊशे लागू झाले तरी कोणी कुरकुर केली नाही आणि झेप कोणी घेतली नाही.

सोमवारी मुख्य ओरडले, पहिल्यांदाच. अट ताबडतोब परत घाला. पण तोवर तक्रार विभागात पत्रांचा ढीग लागला होता, कोणीतरी अट परत येणार अशी आवई उठवली होती (चित्रकाराने, पण हे तू वाचलं नाहीस). खेळाडू लिहीत होते की आमची माणसं काढून घेतलीत तर आम्हीही निघतो. तीन दिवस वरच्या मजल्यावर बैठका झाल्या. शेवटी ओळ राहिली, मी गेले. एक कप, एक शाल आणि तुझी पत्रं घेऊन दुपारी अडीचला बाहेर पडले. रस्त्यावर ऊन होतं. मला वाटलं होतं रडू येईल, पण भूक लागली.

मला पश्चात्ताप नाही. भीती आहे, ती वेगळी गोष्ट.

ठकू


१८ मार्च

ठकू,

आशीर्वाद, ओंजळ भरून.

ताई आली होती, डोळे सुजवून. "पोरीची नोकरी तुझ्यापायी गेली" म्हणाली. मी म्हणाले, हो, माझ्यापायीच, आणि मला तिचा अभिमान आहे, आता चहा पी. तिला मी खेळ दाखवला. अर्धा तास नाक मुरडून बसली, मग म्हणाली, "तो डावीकडचा खेकडा राहिला बघ." भीतीचं म्हणशील तर ती राहू दे. मी केबिनची किल्ली ठेवली त्या दिवशी मीही घाबरले होते, तिघींनी हात धरून दिव्यासमोर नेलं होतं मला. तुला नोकरी मिळेल. मिळेपर्यंत इथे ये, माझ्या घरी दोन खोल्या आहेत आणि उशी भिकार आहे.

दलदलीत आता पाय ठेवायला जागा नाही. गोंगाट नुसता. बेकरीवाल्याबरोबर साठाव्या पातळीची एक बाई हिंडते, ती अंगावर सोन्याचं चिलखत घालून चिखलात उतरते आणि नव्यांना ओरडते, अगदी माझ्यासारखी. मला खाली थांबायचं कारण उरलं नाही, म्हणून मी चढतेय. चोविसावर आहे. परवा डोंगर पाहिले. सोळा महिने त्यांच्या पायथ्याशी होते आणि कधी वर गेले नव्हते. काय गं ते डोंगर केलेत तुम्ही! मी काठावर बसले आणि मान वर करून बघतच राहिले.

आता एक विचारते, खरं सांग. ही दलदल तू स्वतः कधी ओलांडलीस? कामाच्या खात्यावर साठावी पातळी आणि वरून पंख, तू वरूनच बघितली असणार. चिखल तुझ्या पायाला कधी लागलाच नाही. ते खातं आता गेलं, बरं झालं.

तेव्हा साध्या माणसासारखं नाव घाल, पहिलीपासून सुरुवात कर, आणि दहावी झाली की काठावर ये. बुधवारी चालेल, दोन वाजता. वाट शोधत बसू नकोस, मी पुढच्याच दगडावर असेन. ट्रकवाला येतोय, डॉक्टरीण येतेय, ताईसुद्धा खुर्ची ओढून बसणार आहे म्हणते. झेप घेऊन आलीस तर तंगडं मोडीन. नऊशे खेकडे तुझ्या मुख्याने मोठ्या हौसेने ठेवलेत ना? ते सगळे मारू, त्याच्या नाकावर टिच्चून. आणि वर एक जास्तीचा.

मावशी